वाडा पडतो तेव्हा गल्लीचं काय होतं?

गेल्या अंकात पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या रस्त्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, चार प्रश्न घेतलेत. पहिल्यावर जरा जास्तच लिहिलंय, कारण तो प्रश्न माझ्या घरातला पण होता.

प्रश्न : आमचा सदाशिव पेठेत वाडा आहे. पाच चुलत भाऊ मालक, सात भाडेकरू, भाडं अजून शंभराच्या आत. पावसाळ्यात मागचं माजघर गळतं. बिल्डर तयार आहे पण टोरंटोचा भाऊ म्हणतो वाडा पाडायचा नाही, वारसा आहे. तुमचं मत काय?

ताई, आधी एक गोष्ट मनापासून सांगते. गळक्या घरात राहणाऱ्या माणसाला "वाडा जपा" असं बाहेरून सांगायचा हक्क मला नाही आणि तुमच्या भावालाही नाही, निदान दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलल्याशिवाय तरी नाही. पेठांमधले वाडे पडले ते लोकांना प्रेम नव्हतं म्हणून नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, १९९९ चा नवा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचं भाडं फारसं हललं नाही, शंभर रुपयात कौलं फिरवून होत नाहीत, मग मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू म्हणतो माझं घर नाही, आणि मधल्या मधे तुळईचं टोक भिंतीत जिथे बसतं ना तिथे ओल धरून लाकूड आतून कुजत जातं, बाहेरून वीस वर्षं काही दिसत नाही. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती ढेकळासारख्या विरघळल्या, तेव्हापासून सिमेंटचं घर म्हणजे सुरक्षित घर हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्यामुळे आधी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, लाकडी बांधकाम कळणाऱ्याकडून, फक्त आरसीसी म्हणजे लोखंड-सिमेंटचं बांधकाम बघणारा नको. बऱ्याचदा पुढची पडवी आणि दर्शनी बाजू ठणठणीत असते आणि मागचा एक खण (दोन खांबांमधला भाग) गेलेला असतो. तसं असेल तर पुढचं ठेवून मागे नवीन बांधता येतं का हे आर्किटेक्टला जरूर विचारा.

नाहीच जमलं तर पाडा, पण एका गोष्टीवर बिल्डरशी अडून बसा : तळमजला.

आमचा वाडा शनिवार पेठेत होता, पडला त्याला आता बरीच वर्षं झाली. दाराच्या दोन्ही बाजूला दगडी ओटे होते, गुडघ्याएवढे उंच, माणूस मांडी घालून बसेल एवढे खोल, उजवीकडच्या ओट्याचा कोपरा इतका गुळगुळीत झाला होता की उन्हाळ्यात पण हाताला गार लागायचा. आत्या तिथे बसून मेथी निवडायची आणि तिला गल्लीत कोण आलं कोण गेलं, कुणाचा मुलगा शाळेतून अजून आला नाही, सगळं माहीत असायचं. नवीन बिल्डिंग झाली, आम्हाला चांगले फ्लॅट मिळाले, संडासासाठी चौक ओलांडायला लागत नाही, आईचे गुडघे वाचले, हे सगळं खरं आहे. पण ओट्याच्या जागी पार्किंग आलं. खाली नुसते खांब, लोखंडी गेट, आत अंधारात टू व्हीलर. हळूहळू समोरचा वाडा गेला, तिथे पण तेच. आता त्या गल्लीतून संध्याकाळी चाललं तर जमिनीच्या पातळीवर एक खिडकी नाही, एक माणूस बसलेला नाही. माझ्या मते वाडा जाण्यापेक्षा हे मोठं नुकसान आहे, कारण वाडा पाच जणांचा होता, ओटा गल्लीचा होता.

पार्किंग नियमाने द्यावंच लागतं, मान्य. पण सगळी रुंदी गेटला द्यायची गरज नसते. गाडी जायला जेवढी वाट लागते तेवढी एका बाजूला ठेवा, उरलेल्या दर्शनी भागात एखादं दुकान, एखाद्या भाडेकरूची क्लासची किंवा शिवणकामाची खोली, आणि तिच्यापुढे आपल्या हद्दीत एक ओटा. अॅग्रीमेंटच्या आधी नकाशावर काढून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. भाडेकरूंना तशी पण नव्या इमारतीत जागा द्यावी लागणारच, त्यातल्या ज्याला जिना झेपत नाही अशाला खालची खोली हवीच असते.

प्रश्न : नवीन इमारतींना कमानी, महिरपी, सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब लावायची सक्ती करावी का? म्हणजे पेठांचा चेहरा टिकेल. (नारायण पेठ)

नको. विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब एकदा जवळून बघून या, १८०० च्या पहिल्या दशकातलं काम आहे, केळफुलाची नक्षी सागवानात हाताने कोरलेली, आणि ते खांब खरोखर वरचा सज्जा पेलतायत. तेच फायबरमध्ये ओतून काँक्रीटच्या पिलरला चिकटवलं की दोन पावसाळ्यात रंग उडतो आणि मूळ कारागिराचा अपमान होतो तो वेगळाच.

रस्त्याचा चेहरा नक्षीने बनत नाही. सगळी घरं एका रेषेत उभी आहेत, उंची साधारण जुळते, दारं ठराविक अंतरावर येतात, खिडक्या उभ्या आहेत आडव्या नाहीत, यातून तो बनतो. मुंबईचा दादाभाई नौरोजी रोड बघा, पूर्वीचा हॉर्नबी रोड. तिथे एक इमारत गॉथिक, दुसरी वेगळ्याच धाटणीची, पण १८९६ च्या नियमाने प्रत्येकाला तळमजल्यावर कमानींचा झाकलेला पदपथ ठेवावा लागला, म्हणून सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनकडे भर पावसात बराचसा रस्ता डोकं न भिजवता चालता येतो. वर काय करायचं ते करा, खाली चालणाऱ्याला सावली द्या, एवढंच सांगितलं त्या नियमाने आणि सव्वाशे वर्षांनी पण तो रस्ता एक रस्ता वाटतो. पेठांना असाच एक नियम हवाय, तळमजल्याचा. इमारतींच्या वारशाचे नियम मुंबईत १९९५ लाच आले, ग्रेड पहिली, दुसरी, तिसरी वगैरे, चांगलंच झालं, पण आपल्या गल्लीतला साधा, बिननक्षीचा वाडा कुठल्याच यादीत बसत नाही, आणि गल्ली तर अशाच वाड्यांची बनलेली असते.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर रुंदीकरणाची रेषा आहे. नवीन बिल्डिंग झाल्या त्या मागे सरकल्या, जुन्या पुढेच आहेत. रस्ता कधी रुंद होणार? (शुक्रवार पेठ)

खरं सांगायचं तर तुमच्या आमच्या हयातीत एकसारखा रुंद होईल असं वाटत नाही. जो पाडेल तो मागे जाईल या पद्धतीत एक घर आज सरकतं, शेजारचं तीस वर्षांनी, मधल्या काळात रस्ता पडक्या दातांसारखा दिसतो आणि प्रत्येक फटीत गाडी लागते. म्हणजे जागा गेली मालकाची, रस्ता वाढला नाही कुणाचाच. पण रेषा तशीच राहते, कारण रस्ता जितका रुंद तितका एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण, जास्त, हे गणित त्यामागे आहे आणि ते मालकालाही हवं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मला वाटतं पेठांमधल्या आतल्या रस्त्यांची रेषाच काढून टाकावी आणि मालकाचं होणारं नुकसान टीडीआरने, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काने, भरून द्यावं. गाड्या कमी करायच्या असतील तर त्या रस्त्यावरच कमी कराव्या लागतील, घरं कापून नाही. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन झाला तेव्हा गेले होते. रोज जिथे गाडीचा आरसा कोपराला लागतो तिथे रस्त्याच्या मधोमध आज्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या, मुलं खडूने चित्रं काढत होती. रस्त्याची रुंदी तेवढीच होती हो, एक इंच वाढवला नव्हता.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमचा वाडा उतरवणार आहेत. निर्णय झालाय, आता त्यावर बोलणं नको. एवढ्या दिवसात काय करून ठेवू? (कसबा पेठ)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लगेच कामाला लागा.

आर्किटेक्चर कॉलेजचे विद्यार्थी मोजमाप करून नकाशे काढून देतात, त्यांच्या सरांना फोन करा, आठ दहा मुलं तीन चार दिवसात सगळा वाडा कागदावर आणतात. फोटो काढताना फक्त देवडी आणि चौक नको, कोनाडे, लाकडी छताचा कडीपाट, फडताळाच्या आतली बाजू, जिन्याची झिजलेली पायरी, आणि मुख्य म्हणजे समोरच्या घरातून आपल्या घराचा फोटो, तो कुणाकडेच नसतो.

लाकूड ठेकेदारावर सोडू नका. उतरवण्याचा ठेका देताना जुना माल त्याचा असं सरसकट लिहिलं जातं आणि मग दिंडी दरवाजा जुन्या बाजारात जातो. आमचा तसाच गेला, आमच्याकडून कुणी ते कलम वाचलंच नव्हतं. दरवाजा, त्याची चौकट, दारावरची गणेशपट्टी आणि ओट्याचे दगड हे वगळून लिहून घ्या. काढायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर ऑइल पेंटने नंबर टाका, खडूचा पुसला जातो, आणि तोच नंबर फोटोवर पण लिहा, नाहीतर चौकटीची डावी बाजू कुठली हे नंतर सुताराला पण कळत नाही.

आणि घरात जे सगळ्यात वयस्कर असतील त्यांना हाताला धरून एकदा सगळ्या खोल्यांतून फिरवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, घाई करू नका. मी आत्याला विचारायचं ठरवत राहिले आणि वाडा आधी उतरला. नंतर ती सांगायची, पण हात हवेत फिरवून "इथे बाळंतिणीची खोली" म्हणायची तेव्हा तिला आणि मला दोघींनाही नक्की जागा सापडायची नाही.