कार्नेशन, आंब्यांची आढी आणि पाण्यावर घेतलेला आळ

‘पाणी रोज बदलते, देठही तिरपे छाटते, तरी कार्नेशन तिसऱ्या दिवशी मिटतात, नळाच्या पाण्यातले क्लोरीन बाधत असेल काय?’ हा आपला प्रश्न वाचला आणि सोबतचे छायाचित्र पाहून थबकलेच. फुलदाणीला खेटून पिकल्या केळ्यांचा घड आहे. पाणी आणि देठ यांबद्दल मी काही सांगत नाही. ते आपण नीट करीतच आहात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला गुलाबी कार्नेशन आणि पांढरी शेवंती असा गुच्छ आला. तो मी मागच्या खोलीत ठेवला, कारण तिथे ऊन येत नाही. त्याच खोलीत दिवाणाखाली पेंढ्यात हापूसची आढी घातलेली होती. दुसऱ्या सकाळी कार्नेशनच्या पाकळ्यांच्या कडा आत वळू लागल्या आणि तिसऱ्या दिवशी फुले ओल्या कागदाच्या बोळ्यांसारखी दिसू लागली. देठ मात्र हिरवेगार आणि ताठ होते. फूलवाला म्हणाला, पाणी खराब असेल. मी ते प्रमाण मानून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अर्ज दिला. तीन खेपा घातल्या, प्रत्येक वेळी ‘नमुना घ्यायला माणूस येईल’ हे एकच वाक्य ऐकले आणि तो माणूस आजतागायत आलेला नाही. दरम्यान मी दुसरी कार्नेशन आणून त्यांना विकतचे बाटलीबंद पाणी घातले. तीही त्याच खोलीत, तशीच मिटली.

कार्यालयावर राग आहेच, पण खरी चूक माझी होती. नळाच्या त्याच पाण्यात, त्याच फुलदाणीत शेवंती बारा दिवस टवटवीत राहिली होती, आणि हा पुरावा रोज डोळ्यांसमोर असूनही मी पाण्यालाच दोष देत बसले.

पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात. केळी पिकवण्याच्या खोल्यांतही हाच वायू वापरतात. कार्नेशन त्याला फार हळवे असते, शेवंती जवळजवळ दाद देत नाही. ही गोष्ट नवी नाही: शिकागोच्या काचगृहांत दिवे पेटवण्यासाठी नळांतून येणाऱ्या वायूची गळती झाली की कार्नेशन ‘झोपतात’, अशी तक्रार होती, आणि क्रॉकर व नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यामागे इथिलीन असल्याचे 1908 मध्ये दाखवून दिले. देठात जंतू किंवा हवा अडकून पाणी वर चढेनासे झाले, तर फूल बहुधा मान टाकते. आपल्या छायाचित्रात माना सरळ आहेत आणि पाकळ्याच आत मिटल्या आहेत. नळाच्या पाण्यातले थोडेसे क्लोरीन तर जंतूंना आवरते, म्हणून त्याच्यावर आळ घेऊ नये.

तेव्हा आधी केळी दुसऱ्या खोलीत हलवा. मध्ये नुसते कापड टाकून भागत नाही. रात्री फुले फ्रिजमध्ये ठेवायची असतील, तर तिथे सफरचंदे किंवा आंबे नसावेत. गुच्छातले एखादे फूल सुकले की ते लगेच काढावे, कारण कोमेजणारे कार्नेशन स्वतःच हा वायू सोडते आणि शेजारच्या फुलांनाही मिटवते. देवघरातल्या उदबत्तीच्या धुरापासूनही मी फुले लांब ठेवते. माझे हे म्हणणे घरात कोणाला पटत नाही. फुलदाणीच्या पाण्यात तांब्याचे नाणे आणि अ‍ॅस्पिरिन टाकण्याचे घरगुती उपायही करून पाहिले, माझ्या फुलांना त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मी वनस्पतिशास्त्राची जाणकार नाही. काही बागायतदार तोडणीनंतर कार्नेशन चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवतात, आणि तशी फुले इथिलीनला बरीच तोंड देतात. गुच्छ पाहून मात्र ते ओळखता येत नाही. म्हणून एखाद्या वेळी केळ्यांशेजारी फुले आठवडाभर टिकली, तर मला खोटे पाडू नका. जरबेरासाठी यातले फारसे काही लागू नाही: त्याचा लवदार देठ खोल पाण्यात कुजतो, त्याला दोन-तीन इंच पाणीच पुरे.

फळे ठेवायला दुसरी जागाच नसेल, तर शेवंती आणा. आमच्याकडे आढी अजूनही दिवाणाखालीच घालतात, आणि मे महिन्यात त्या खोलीत कार्नेशन जात नाहीत.