वाचक विचारतात : अमेरिकेचे रोम होईल का?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील मासिक चर्चेत बहुतेकांचे मत असे पडले की, चैनीने आणि परकीयांच्या लोंढ्यांनी जसे रोमन साम्राज्य बुडाले, तशीच अमेरिकाही बुडणार. ही तुलना इतिहासाच्या कसोटीवर टिकते का?
— एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : तुलना करण्यास हरकत नाही, मात्र आपल्या चर्चेत ती चुकीच्या रोमशी झाली, असे आम्हांस वाटते.

प्रथम चैनीचे कारण पाहू. ते सर्वांत जुने आहे आणि सर्वांत कमकुवतही. इ. स. पू. 146 मध्ये उत्तर आफ्रिकेतील प्रतिस्पर्धी कार्थेज शहर जमीनदोस्त झाले, शत्रूचा धाक संपला आणि रोमन माणूस ऐषआरामात बुडाला, अशी तक्रार सॅलस्ट या रोमन इतिहासकाराने इ. स. पू. पहिल्या शतकातच करून ठेवली आहे. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, इ. स. 117 मध्ये सम्राट ट्राजनचा मृत्यू झाला तेव्हा, साम्राज्याचा विस्तार सर्वाधिक होता. आणि पश्चिमेकडील शेवटचा सम्राट पदच्युत झाला तो त्याहीनंतर साडेतीनशे वर्षांनी, 476 साली. मृत्यूच्या पाचशे वर्षे आधी दिसलेल्या लक्षणावरून कोणताही वैद्य मृत्यूचे कारण ठरवणार नाही.

परकीयांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ट्राजन स्वतः स्पेनमध्ये जन्मला होता, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आफ्रिकेतील लेप्टिस मॅग्ना येथील होता, आणि 212 साली सम्राट काराकल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. बाहेरच्यांना आत घेऊन रोमन करून टाकणे हेच या राज्याचे मोठे बळ होते. 376 साली हूणांच्या भीतीने आश्रय मागणाऱ्या गॉथ लोकांना डॅन्यूब नदी ओलांडू देण्यात आली, परंतु त्यांच्यासाठी आलेल्या धान्यावर रोमन अधिकाऱ्यांनीच डल्ला मारला आणि उपासमारीने गांजलेल्या गॉथांकडून त्यांची मुले गुलाम म्हणून घेतली. त्यातून जे बंड पेटले, त्यात 378 साली एड्रियानोपलच्या रणांगणावर सम्राट व्हॅलेन्स मारला गेला. या प्रसंगाला लोंढ्याने केलेला घात म्हणण्यापेक्षा भ्रष्ट बंदोबस्ताचे फळ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आणखी एक अडचण आहे. रोमन साम्राज्याचा पूर्वेकडील अर्धा भाग 1453 पर्यंत, म्हणजे पश्चिमेच्या पतनानंतर जवळजवळ हजार वर्षे, टिकून राहिला. कायदा तोच, धर्म तोच, श्रीमंतांची चैनही तीच. मग जे कारण दोन्हीकडे सारखे होते, त्याने एकच बाजू कशी कोसळली? पश्चिमेचे दुखणे वेगळे होते. ऱ्हाइन आणि वरच्या डॅन्यूबची लांबलचक सरहद्द तिला राखावी लागे, आणि 439 मध्ये वँडल या जर्मानिक टोळीने रोमनांनी पुन्हा वसवलेले कार्थेज घेतल्यावर आफ्रिकेचे धान्य आणि महसूल दोन्ही गेले. त्यानंतर सैन्याला पगार देणेच अशक्य होत गेले. अमेरिकेच्या दोन्ही अंगांना महासागर आहेत आणि जमिनीवरच्या दोन्ही शेजाऱ्यांपैकी कोणीही तिच्यावर चालून येण्याच्या स्थितीत नाही. पाचव्या शतकातील रोमशी तिचे साम्य येथेच संपते.

साम्य शोधायचेच असेल तर ते साम्राज्याच्या शेवटापेक्षा, सम्राटांच्या आधी रोममध्ये असलेल्या प्रजासत्ताकाच्या शेवटात शोधावे. इ. स. पू. 133 मध्ये जमीनवाटपाच्या वादातून टायबेरियस ग्रॅकस या लोकाधिकाऱ्याला सिनेटच्या, म्हणजे उमरावांच्या सभेच्या, सदस्यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी भर राजधानीत ठार मारले. इ. स. पू. 88 मध्ये सेनापती सुल्ला स्वतःचे सैन्य घेऊन रोमवर चालून आला, इ. स. पू. 49 मध्ये सीझरने इटलीच्या सीमेवरील रुबिकॉन नदी सैन्यासह ओलांडली आणि इ. स. पू. 27 मध्ये पहिला सम्राट ऑगस्टस याने सर्व सत्ता हाती घेऊन, प्रजासत्ताक पुन्हा स्थापन केल्याचे गंभीरपणे जाहीर केले. सिनेटच्या बैठका पुढेही भरत राहिल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, याच शंभर वर्षांत गॉल, सीरिया आणि इजिप्त रोमच्या ताब्यात आले. राज्याचे सामर्थ्य वाढत होते आणि राज्यसंस्था आतून पोकळ होत होती. या दोन घटना एकाच काळात घडू शकतात, हे आपल्या चर्चेत कोणी मांडलेले दिसत नाही.

त्याची किंमत पुढे चुकवावी लागली. सत्तांतराचा सर्वमान्य नियम रोमला कधीच सापडला नाही. 193 साली राजरक्षक दलाने सम्राटपदाचा चक्क लिलाव केला आणि डिडियस ज्युलियानसने ते विकत घेतले. 235 ते 284 या अर्धशतकात वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट हिंसेने झाला. अमेरिकेत 1801 मध्ये राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांनी विरोधी गटाच्या जेफर्सन यांच्या हाती सत्ता सोपवली आणि यादवी युद्ध चालू असताना 1864 मध्येही निवडणूक झाली. 6 जानेवारी 2021 रोजी जमावाने संसदभवनात घुसून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतमोजणी काही तास बंद पाडली. ती त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटेपूर्वीच्या तासांत पूर्ण झाली आणि 20 जानेवारीला नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधीही झाला. अमेरिकेच्या आरमारातील जहाजे मोजण्यापेक्षा त्या तासांचा अभ्यास अधिक बोलका आहे, असे आमचे मत आहे.

सामर्थ्य शिखरावर असतानाही सत्तांतराच्या वादाने राज्य खचते, हे समजण्यासाठी सातारकरांना रोमपर्यंत जाण्याचेही कारण नाही. औरंगजेबाच्या फौजेने प्रयागजी प्रभूंनी झुंजवलेला अजिंक्यतारा 1700 मध्ये घेतला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले, तेव्हा मोगल साम्राज्य नकाशावर जवळजवळ सर्वांत मोठे होते. 1707 मध्ये बादशहा वारला, वारसायुद्ध पेटले, आणि 1708 च्या जानेवारीत याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. 1719 मध्ये तर दिल्लीच्या तख्तावर एका वर्षात चार बादशहा दिसले, आणि बाळाजी विश्वनाथ चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले.

प्रश्न : रोमन नाण्यातील चांदी कमी होत गेली तसे साम्राज्य खचले, असे वाचले. डॉलरचेही तसेच होईल का? आमच्याकडे बेदाण्याचे काही निर्यातीचे व्यवहार डॉलरमध्ये होतात, म्हणून विचारतो.
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : चांदी कमी झाली हे खरे. ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध असलेल्या दिनारियस या चांदीच्या नाण्याचे वजन आणि कस सम्राट नीरोने 64 साली घटवले, आणि 260 च्या दशकापर्यंत रोमच्या मुख्य नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. कारण बहुतांशी सैनिकांचे वाढते पगार होते. अखेर 301 साली सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले आणि ते मोडणाऱ्यास मृत्युदंड ठेवला, तरी भाव वाढतच राहिले. आपल्या व्यापाऱ्यांचा चोखंदळपणा येथे नोंदवावासा वाटतो : दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत.

डॉलरच्या पाठीशी मात्र धातू उरलेलाच नाही. परदेशी मध्यवर्ती बँकांना 35 डॉलरला एक औंस सोने देण्याचे बंधन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 15 ऑगस्ट 1971 रोजी काढून टाकले. तेव्हापासून डॉलर उभा आहे तो अमेरिकेची करवसुलीची शक्ती, तिची न्यायालये आणि कर्जरोख्यांचा प्रचंड बाजार यांवरील विश्वासावर. त्या विश्वासावर ताण आहे, हे नाकारता येत नाही : 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सरकारचे कर्ज 36 लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि सप्टेंबर 2024 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाहून अधिक झाला. जगातील परकीय चलनसाठ्यांत डॉलरचा वाटा 2001 च्या सुमारास 70 टक्क्यांहून अधिक होता, तो आता 60 टक्क्यांच्या खाली आहे. तरीही दुसऱ्या क्रमांकावरील युरोचा वाटा 20 टक्क्यांच्या आसपास आणि चिनी युआनचा केवळ दोनएक टक्के आहे. म्हणजे ही उतरण संथ आहे आणि गादीवर बसण्यास दुसरे कोणी अजून तयार नाही.

आपल्या बेदाण्याच्या सौद्यांना डॉलरच्या जागतिक स्थानाची धास्ती या हंगामात तरी नाही. माल रवाना होणे आणि पैसे जमा होणे यांमधील काळात रुपया-डॉलरचा दर हलला तर मात्र नफा घटू शकतो, आणि तो दर बँकेशी फॉरवर्ड करार करून आधीच बांधून घेता येतो.