ब्रोमोथायमॉल ब्लू वापरायला घेताय? आधी हे वाचा

मातीपरीक्षणाच्या कामाला नव्याने लागलात, तर पहिली गोष्ट: रंग दिसला की लगेच आकडा लिहू नका. ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक, म्हणजे सामूप्रमाणे (pH) रंग बदलणारा पदार्थ: सामू 6.0 च्या खाली पिवळा, 7.6 च्या वर निळा, मधे हिरवा. तो स्वतःच एक सौम्य आम्ल आहे. रेणूवर प्रोटॉन असेल तर पिवळा, तो सुटला की निळा, 7.1 च्या आसपास दोन्ही रूपं निम्मी-निम्मी, म्हणून हिरवा.

आपल्या खानदेशात अडचण वेगळीच. जळगाव-धुळ्याकडची काळी माती बहुतेक आम्लारीधर्मी. नमुना 7.8 चा असो की 8.8 चा, हा निळाच! चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) जमीन आणि चांगली जमीन यातला फरक कळणार कसा? तिथे थायमॉल ब्लू घ्या, तो 8.0 ते 9.6 मध्ये पिवळ्याचा निळा होतो.

काळ्या मातीचं पाणी गढूळ राहतं. चिमूटभर बेरियम सल्फेट टाकून हलवा, गाळ बसू द्या आणि वरच्या नितळ पाण्याचा रंग पांढऱ्या कागदासमोर बघा. दर्शकाचे थेंब दोन-तीनच.

ब्रोमोथायमॉल ब्लूचं द्रावण घरचंच करा: त्याची 0.1 ग्रॅम भुकटी 16 मिली 0.01 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये खलून विरघळवायची, मग डिस्टिल्ड वॉटरने 250 मिली करायचं.

आणि उघडं राहिलेलं डिस्टिल्ड वॉटर पिवळं दाखवलं तर घाबरू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो. ते उकळून, झाकून गार करा आणि मगच माती भिजवा.