‘फायर’ पिक्चरमध्ये दिग्दर्शिका दीपा मेहताला नेमकं काय म्हणायचं होतं? नवऱ्यांनी दुर्लक्ष केलं म्हणूनच राधा आणि सीता या दोघी जावा एकमेकींच्या प्रेमात पडल्या ना?

हे ‘म्हणूनच’ ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आमच्यात एक मावसभाऊ आहे, पिक्चरमधलं सगळं त्यालाच कळतं. गणपतीत जमलो होतो, जेवणं झाल्यावर ‘फायर’चा विषय निघाला नि दादा सुरू, नवरे धड असते तर हे झालंच नसतं, आणि दीपा मेहता स्वतःच सांगते की पिक्चर एकटेपणावर आहे, विषय संपला. मी म्हटलं पिकनिकचा सीन आठव. सगळं घर बागेत बसलंय, सीता राधाचे पाय चेपतेय, राधाचा नवरा समोरच बसलाय आणि खूश आहे, काय छान कुटुंब आपलं! त्याच्या डोळ्यांदेखत चाललंय नि त्याला त्यात सेवा दिसतेय. यात एकटेपणा कुठे दिसला रे तुला? तर म्हणे, तू सगळं पर्सनली घेतेस. खोलीत एकदम शांतता. मी मैत्रिणीबरोबर राहते हे तिथे सगळ्यांना माहितीये, बोलत कुणीच नाही. मावशीने घाईघाईने आईस्क्रीम काढलं.

असो. दिग्दर्शिका मुलाखतीत काय बोलली याला मी फार किंमत देत नाही. डिसेंबर १९९८ मध्ये गोरेगावच्या सिनेमॅक्स थिएटरवर शिवसैनिक मोडतोड करायला गेले ते काय एकटेपणाविरुद्ध गेले होते? आणि त्याच महिन्यात दिल्लीत रीगल थिएटरसमोर बायका आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत असे फलक घेऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही पिक्चर बरोब्बर कळला होता. शेवटी राधा नवऱ्याला तोंडावर सांगते की मला सीता हवीये. अजून किती स्पष्ट पाहिजे?

आता दुर्लक्ष पिक्चरमध्ये आहेच, नाही कोण म्हणतंय. थोरला भाऊ, म्हणजे राधाचा नवरा, स्वामीच्या नादाने ब्रह्मचारी, धाकट्याची, सीताच्या नवऱ्याची, बाहेर प्रेयसी, आणि राधाच्या साडीला आग लागते तेव्हा नवरा तिला सोडून आधी आईला उचलतो. हे सगळं दीपा मेहतानेच रचलंय, त्यामुळे दादासारख्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं, ही तिची चूकच मानते मी. पण घुसमट हे कारण असू शकतं घर सोडायचं, प्रेमात पडायचं नव्हे.

बघाल तर मूळ इंग्रजीतला बघा, हिंदीत सीताची नीता केलीये. आणि नवऱ्याबरोबर बघणार असाल तर पिकनिकला पॉज करून विचारा, काय दिसतंय म्हणून.