साथीच्या दिवसांत घर कसं पुसावं: फिनेल, फॉगिंग आणि बेसिनवरचा नॅपकिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भर पावसाळा, घरात दोन मुलं, धाकटं रांगतंय, सासूबाईंना दमा. थोरल्याने शाळेतून सर्दी-ताप आणला, आता त्याचे बाबाही खोकतायत. पुढच्या आठवड्यात गणपती, म्हणजे माणसांची ये-जा. तुम्ही दिवसातून तीनदा फिनेलने लादी पुसून घेताय, सोफ्यावर आणि पडद्यांवर जंतुनाशक स्प्रे मारताय. शिवाय कोणाला तरी बोलावून घरभर फॉगिंग करून घ्यावं का, असंही विचारलंय.

फॉगिंग करू नका. पैसे जातील आणि सासूबाईंचा दमा उसळेल. कोविडच्या काळात, 2020 साली, जागतिक आरोग्य संघटनेनेही खोल्यांमध्ये जंतुनाशकाची फवारणी किंवा धुरळणी करू नका, असंच सांगितलं होतं. कारण साधं आहे. फवारा वरवर बसतो, कानाकोपऱ्यात पोचत नाही, मळ असेल तर त्याच्याखाली जात नाही, आणि जे काही हवेत राहतं ते आपल्याच छातीत जातं. जंतुनाशक पुसून लावायचं असतं, उडवायचं नसतं. सोफा आणि पडद्यांवरचा स्प्रेही याच कारणासाठी बंद करा.

आता फिनेल. मी बरीच वर्षं एका रुग्णालयात वॉर्डांच्या साफसफाईवर देखरेख करत होते. तिथे नवीन माणूस आला की आधी त्याच्या डोक्यातून वास काढावा लागायचा. फिनेलचा वास आला म्हणजे स्वच्छ झालं, ही आपल्याकडची जुनी समजूत. फ्लू आणि सर्दी लादीवरून चढत नाहीत. ते येतात समोरच्याच्या खोकल्यातून, शिंकेतून, बंद खोलीतल्या हवेतून, आणि त्याखालोखाल हातांवरून नाका-डोळ्यांपर्यंत. तुमची सगळी मेहनत लादीवर चाललीय आणि विषाणू कमरेच्या वर फिरतोय.

रांगत्या बाळामुळे लादीची काळजी वाटणं बरोबर आहे. पण त्या बाळासाठी फिनेलचा थर जास्त वाईट, कारण त्याचे हात लादीवर आणि लादीवरून थेट तोंडात. दिवसातून एकदा साध्या साबणाच्या पाण्याने आणि मग स्वच्छ पाण्याने पुसा, पुरे. घरात मांजर असेल तर काळं फिनेल आणि डेटॉल या दोन्हींच्या पाण्यापासून तिला लांब ठेवा, मांजरांना ते बाधतं. आणि हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, शेवटी बाथरूम असा क्रम ठेवून बादलीतलं पाणी मध्ये बदला. एकाच दुधाळ पाण्यात सगळं घर पुसून झालं की शेवटच्या खोलीत पहिल्या तीन खोल्यांची घाण पसरवलेली असते.

मग लक्ष कुठे द्यायचं? उद्या सकाळी घरात फक्त बघत बसा, कोणाचा हात कुठे लागतो ते. दाराची कडी आणि बेल. स्विचबोर्ड, विशेषतः बाथरूमबाहेरचा. पंख्याचा रेग्युलेटर. गॅसची बटणं. पाण्याच्या फिल्टरचा नळ. टीव्हीचा रिमोट, ज्याच्यावरचं प्लॅस्टिक आपण वर्षानुवर्षं काढत नाही आणि त्याच्या घड्यांत काळा मळ साचतो (ते प्लॅस्टिक आजच काढून फेका, पुसायला उघडा रिमोट सोपा). सगळ्यांचे मोबाईल. गाडीची किल्ली. फ्रिजच्या हँडलला ते झालरीचं कापडी कव्हर असेल तर साथ संपेपर्यंत काढून ठेवा. पिठाचे, तेलाचे, शेंबडाचे सगळे हात त्याच्यावर पडतात आणि ते महिनोन् महिने धुतलं जात नाही. नुसतं हँडल पुसायला पाच सेकंद लागतात.

फ्लूचा विषाणू स्टील-प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर 24 ते 48 तास टिकू शकतो, कापड आणि कागदावर त्यापेक्षा बराच कमी, साधारण 8 ते 12 तास. हातावर तर काही मिनिटंच. पण तेवढ्या मिनिटांत आपण नाक खाजवतो, डोळा चोळतो, पोराला घास भरवतो. म्हणून हात धुणं सगळ्यात वर. बाहेरून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, स्वयंपाकाआधी, बाळाला उचलण्याआधी, वीसेक सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्यालाही साबण लागला पाहिजे. फ्लूच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. सर्दीच्या रायनोव्हायरसला असं आवरण नाही. त्याच्यावर सॅनिटायझरचा तितका भरवसा नाही, तो चोळून, वाहत्या पाण्याने धुऊनच जातो. म्हणून घरात नळ असताना सॅनिटायझरची बाटली काढू नका, ती रिक्षात आणि लिफ्टमध्ये कामाची.

आणि हात धुऊन झाल्यावर ते पुसता कशाला? बहुतेक घरांत बेसिनशेजारी खिळ्याला एक नॅपकिन टांगलेला असतो. सोमवारी लावला की पुढच्या सोमवारी निघतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही, सकाळी दमट, संध्याकाळी दमट, थोडा कुबट. सगळं घर त्यालाच हात पुसतं, मुलं तर नाकही. कापडावर विषाणू कमी टिकतो खरा, पण दर दहा मिनिटांनी नवा हात आणि नवं नाक लागत असेल तर त्या टिकण्याला काही अर्थ उरत नाही. प्रत्येकाला वेगळा छोटा पंचा द्या, रंग वेगळे घ्या म्हणजे मुलांनाही कळतं. जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे करून बेसिनजवळ रचून ठेवले तरी चालतं: एकदा हात पुसला की धुण्याच्या बादलीत. रुमालांचंही तेच. खोकणाऱ्याने शिंकरलेला रुमाल खिशात घडी करून ठेवायचा नाही. साडीचाच तुकडा वापरावा, झाकणाच्या डब्यात टाकावा, आणि रोज संध्याकाळी गरम पाण्यात धुण्याची पावडर घालून भिजवावा. ऊन नसेल तर शेवटचा ओलसरपणा इस्त्रीने काढा.

पुसण्याचं तंत्र. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मग जंतुनाशक. मळावर जंतुनाशक ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. आणि लावल्या लावल्या कोरडं पुसायचं नाही. हे मी वॉर्डात इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही बोलेन: ओलं राहू द्या. बाटलीवर किती मिनिटं ते छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. निरोगी घराला रोज साबणाचं पाणी पुरे. जंतुनाशक फक्त आजारी माणूस वापरतो त्या खोलीत, बाथरूममध्ये, आणि वर सांगितलेल्या हाताच्या जागांवर, दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांचं ब्लीच म्हणून मिळतं ते. आपल्याला 0.1 टक्क्याचं पाणी हवं. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात 20 मिली, 4 टक्के असेल तर 25 मिली, 10 टक्क्यांचा कॅन आणला असेल तर 10 मिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण मापाला घ्या, पण मग ते पुन्हा औषधासाठी वापरू नका. अंदाजपंचे झाकणं ओतू नका, जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, फक्त घसा धरतो. पाणी थंड घ्या, रोजच्या रोज नवं करा, उन्हात आणि उष्णतेत त्याचा जोर जातो. फडक्याने लावा, दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. स्टीलवर ठेवून दिलं तर डाग पडून ते खराब होतं. देवघरातल्या पितळ-तांब्याच्या जवळ नेऊ नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि सासूबाईंना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. त्यांच्या खोलीत ब्लीच नकोच, तिथे साबणाचं पाणी वापरा.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कामाला येणाऱ्या मावशींना आधी. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड, ते निळं लिक्विड असो की सुटं ॲसिड, कधीही एकत्र करायचं नाही. दोन्ही एका भांड्यात तर नाहीच, पण एकावर एकही ओतायचं नाही. क्लोरीनचा वायू सुटतो, आणि आपली बाथरूम म्हणजे चार बाय सहाची, वर छोटीशी झडपांची खिडकी. व्हिनेगर आणि अमोनिया असलेलं काचा पुसायचं लिक्विडसुद्धा ब्लीचमध्ये नको. ‘दोन्ही घातलं की लख्ख निघतं’ असं सांगणारा कोणीतरी प्रत्येक सोसायटीत असतो. ऐकू नका.

मोबाईल आणि रिमोटसाठी 70 टक्क्यांचं अल्कोहोल, कापडावर घेऊन. त्याहून तीव्र घेतलं तर जास्त चांगलं असं नाही, ते भर्रकन उडून जातं. स्विचबोर्डवर काहीही फवारू नका, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. डेटॉलचं पाणी शिंपडायची सवय अनेकांना असते. ते जखमेसाठी ठीक, पण सर्दीच्या त्या बिनआवरणाच्या विषाणूंवर त्याचा फारसा उपयोग नाही.

ताटं-भांडी वेगळी काढायची गरज नाही. भांड्यांच्या साबणाने नीट घासली की झालं. अडचण असते ती न घासलेल्या पेल्याची. पाण्याच्या पिंपावर एकच पेला उपडा ठेवलेला आणि येणारा-जाणारा त्यालाच तोंड लावतोय, हे बंद. पिंपात हात बुडवून पेला भरणंही बंद, ओगराळं ठेवा.

हवा. पावसात आपण खिडक्या लावून बसतो, वर ‘गार वारा लागेल’ म्हणून आजारी माणसाच्या खोलीचं दारही ओढून घेतो. नेमकं उलटं हवं. समोरासमोरच्या दोन खिडक्या दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटं उघडा, एका खिडकीकडे टेबलफॅनचं तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवा, स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू द्या. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याच्या जोरावर खिडक्या बंद ठेवू नका. डासांची वेळ सोडून उघडा म्हणजे दुसरं दुखणं मागे लागणार नाही. धूप, लोबान, कडुनिंबाचा धूर यांनी हवा शुद्ध होत नाही, दम्याच्या माणसाला मात्र त्रास होतो. कापराच्या वड्या रांगत्या बाळाच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर कापूर लहान मुलांना विषारी आहे, त्याने झटके येतात. यंदा आरतीला कापूर कमी आणि खिडकी उघडी, एवढं सासूबाईंसाठी कराच.

मावशींबद्दल थोडं, कारण याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. त्या चार घरं करतात. त्यांना ताप असताना ‘येऊन नुसती भांडी घासून जा’ म्हटलं तर तुम्ही आणि त्या, दोघीही चार घरांची साथ वाटून घेता. भरपगारी सुट्टी द्या, खाडा धरू नका. खाड्याच्या भीतीने माणूस तापातही कामाला येतो, आणि मग दिवसभर लादी पुसून काही उपयोग नाही. आल्यावर हात धुवायला साबण आणि त्यांचा स्वतःचा पंचा, हे त्यांच्यासाठीही हवंच.

आजारी माणूस. फ्लू लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस पसरतो, लहान मुलांत आणखी जास्त. म्हणजे थोरला ‘आता बरा वाटतोय’ म्हणून लगेच आजीच्या कुशीत झोपला तर चालणार नाही. वेगळी खोली नसेल तर निदान अंथरूण लांब, डोकी विरुद्ध दिशांना, आणि जवळ जाताना दोघांनाही मास्क. सासूबाईंना ताप आला तर घरगुती उपायांत दोन दिवस घालवू नका. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. धाप, ओठ निळसर, छातीत दुखणं, बाळ दूध ओढत नाही, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. फ्लूची लस या गणपतीला पुरायची नाही, तिला अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, पण आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा लाट येते. सासूबाईंच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

राहता राहिला गणपती. आमंत्रणाच्या निरोपातच लिहा, ‘घरात सर्दी-ताप आहे, ज्यांच्या घरी तान्ही मुलं किंवा म्हातारी माणसं आहेत त्यांनी या वर्षी फोनवरून दर्शन घ्यावं.’ कोणी रागावत नाही, रागावलं तर विसर्जनापर्यंत विसरतं. खोकणाऱ्या बाबांनी प्रतिष्ठापनेला मास्क लावून बसावं, नैवेद्याचं त्यांनी करू नये. झांजा-टाळ एका हातातून दुसऱ्या हातात जाणारच, आरती झाली की ओल्या फडक्याने पुसून ठेवा आणि मग सगळ्यांना हात धुवायला पाठवा. प्रसाद हाताने न वाटता चमच्याने द्या, खिरापत कागदी द्रोणांत आधीच घालून ठेवलीत तर आणखी चांगलं. तीर्थ देताना पळी तळहाताला टेकवू नका, वरून सोडा.