वर्गात ऑटिझम असलेला विद्यार्थी आहे, शिक्षक म्हणून काय करू? (जरा लांबलेलं उत्तर)

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अनुदानित कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर, कायम नोकरी नसताना) संगणकशास्त्र शिकवता. प्रथम वर्षातल्या एका मुलाच्या आईने त्याचं ऑटिझमचं प्रमाणपत्र आणून दाखवलं. लेखी चाचणीत तो वर्गाच्या पुढे आहे, पण तोंडी परीक्षेत गप्प बसतो, गटात मिसळत नाही, आणि परवा प्रात्यक्षिक चालू असताना कानांवर हात दाबून न विचारता निघून गेला. विभागप्रमुख म्हणतात, 'एकाला सवलत दिली की उद्या सगळे रांग लावतील.' बाकीच्या मुलांना सांगावं का, हेही तुम्हाला विचारायचंय. मी विज्ञान शाखेत शिकवते आणि आमच्या कॉलेजातल्या समान संधी केंद्राचं (दिव्यांग आणि इतर वंचित विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या विभागाचं) काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलंय ते लिहिते.

आधी विभागप्रमुखांचं बघू, कारण गाडी तिथेच अडते. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. नव्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आहेत. संस्थेवर अवाजवी बोजा न पडता जी सोय करता येते, ती नाकारणं म्हणजे भेदभाव, हे या कायद्यातल्या व्याख्येतच आलंय. म्हणजे आपण कुणावर उपकार करत नाही आहोत. आणि रांगेचं म्हणाल, तर इतक्या वर्षांत मी ती कधी पाहिली नाही. उलट बारावीपर्यंत प्रमाणपत्र वापरलेली मुलं कॉलेजात आली की ते लपवतात, नाव पडेल म्हणून.

परीक्षेपुरतं तुमच्या हातात काय आहे ते सांगते. केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यायचं ठरलं. तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक (परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस) घेतला नाही तरी हा वेळ मिळतो, आणि हेच परीक्षा विभागातल्या मंडळींना बऱ्याचदा माहीत नसतं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना लेखनिक नकोच असतो. अनोळखी माणसाशी तीन तास बोलत बसणं ही त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा. त्यांना हवी असते शांत, वेगळी खोली. प्रमाणपत्र 40 टक्क्यांच्या खाली असेल तरी दार बंद झालं असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असं म्हटलं, आणि 2022 मध्ये लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या सूचनाही आल्या. अर्ज प्राचार्यांच्या सहीने, परीक्षेचा फॉर्म भरतानाच पाठवा. हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ केली की क्लार्कपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे हात वर करतात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत कधी संपते, तेही बघून ठेवा.

ते टक्के कुठून येतात, हेही जरा समजून घ्या. आपल्याकडे ऑटिझम मोजायला इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असतात, एकूण गुण 70 झाले की ऑटिझम धरतात आणि त्या गुणांवरून टक्के ठरतात. त्यांचा हुशारीशी संबंध नाही. आणि 'याला नक्की कशाचा त्रास होतो' हेही त्यांतून कळत नाही. 50 टक्के लिहिलेला एक मुलगा ट्यूबलाइटच्या फडफडण्याने हैराण होतो, तर तेवढेच टक्के असलेल्या दुसऱ्याला प्रकाशाचं काहीच नसतं, पण वेळापत्रक ऐनवेळी बदललं की त्याचा दिवस संपतो. म्हणून त्याचं त्यालाच विचारायचं.

विचारायचं कसं, ते महत्त्वाचं. 'काही अडचण असेल तर सांग' असं आपण सहज म्हणतो. त्यावर तो 'नाही' म्हणणार. खोटं बोलतोय म्हणून नाही. प्रश्नच इतका मोकळा आहे की त्यात नेमकं काय भरायचं ते कळत नाही. त्याऐवजी लेखी विचारा, आणि पर्याय देऊन: लॅबमध्ये कुठली जागा बरी वाटते, खिडकीकडची की भिंतीकडची? सूचना तोंडी हव्यात, लेखी, की दोन्ही? प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ लागतो का? आणि हे आईला नाही, त्याला विचारा. आई त्याला अठरा वर्षं ओळखते हे खरं, त्यांचं ऐकाच. पण तो आता सज्ञान आहे, आणि त्याच्याबद्दलचं बोलणं त्याच्या डोक्यावरून होत आलंय हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

आता मला जे मुख्य म्हणायचंय ते. या मुलांना अभ्यासक्रम अवघड जात नाही, कॉलेज अवघड जातं. कारण कॉलेजातला अर्धा व्यवहार कुठेच लिहिलेला नसतो आणि बाकीची मुलं तो एकमेकांकडे बघून उचलतात. 'जर्नल लवकरात लवकर पूर्ण करा' म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री, हे तुमच्या वर्गातल्या साठ मुलांना न सांगता कळतं. एकसष्टावा एकतर आजच संपवायला बसतो, किंवा 'पूर्ण' म्हणजे किती हे ठरत नाही म्हणून सुरूच करत नाही. सर केबिनमधून 'बघू या' म्हणाले, याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असतो. 'उद्या येऊन भेट' यात उद्या किती वाजता, हे नसतं. 'या एकदा घरी' हे आमंत्रण नसतं. नोटीस बोर्डावर 'संबंधितांनी नोंद घ्यावी' असतं. संबंधित कोण, हे मला स्वतःला कित्येकदा कळत नाही. 75 टक्के हजेरीचा नियम छापलेला असतो आणि तो कुठे वाकतो हे छापलेलं नसतं, म्हणून हा मुलगा ताप अंगात घेऊन तासाला येऊन बसतो. वर्गात तुम्ही एखादं चुकीचं विधान केलंत तर तो तिथल्या तिथे सांगेल, साठ जणांसमोर. तुमचा अपमान करायला नाही. चूक दिसली की सांगायची, इतकंच. 'सरांना नंतर बाजूला घेऊन सांगावं' हा नियम त्याला कुणी सांगितलेला नसतो. तुम्ही सांगा, सरळ शब्दांत. तो पाळेल, बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा काटेकोरपणे.

तेव्हा जे गृहीत आहे ते कागदावर आणा. जर्नलमध्ये प्रयोग किती, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुणाच्या टेबलावर द्यायचे. तास रद्द झाला तर निरोप कुठल्या ग्रुपवर येणार. चाचणीत 'सविस्तर लिहा' म्हणजे साधारण किती ओळी. याला ना प्रमाणपत्र लागतं, ना विभागप्रमुखांची परवानगी, ना निधी. आणि फायदा सगळ्या वर्गाला होतो. जिच्या घरातून कुणी आजवर कॉलेजात गेलेलं नाही अशा खेड्यातल्या मुलीलाही हेच अलिखित नियम आडवे येतात.

लॅबमधल्या प्रसंगाचं. वीस पोरांची बॅच, जुने पंखे, यूपीएसची शिटी, वर कुणीतरी मोबाइलवर रील लावलेलं. आपला मेंदू यातलं बरंचसं आपोआप बाजूला सारतो. त्याचा सारत नाही. सगळं एकाच आवाजात आत येतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये निदानाचे निकष बदलले, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श यांबद्दलची अशी वेगळी संवेदनशीलता त्यांत प्रथमच घातली. तो बाहेर गेला ही बेशिस्त नव्हती, त्याने स्वतःला सावरलं. त्याच्याशी आधीच ठरवून घ्या: सहन होईनासं झालं की न विचारता उठायचं, ग्रंथालयाच्या अमुक कोपऱ्यात जायचं, बरं वाटलं की परत यायचं. मागे कुणाला पिटाळू नका. कोपऱ्यातलं मशीन द्या, हेडफोन घालू द्या. आणि कधी खरंच कडेलोट झाला, म्हणजे रडणं, ओरडणं किंवा अगदी दगडासारखं गप्प होणं, तर गर्दी हटवा, हात लावू नका, प्रश्नांचा भडिमार नको. 'माझ्याकडे बघून बोल' तर अजिबात नको. ओसरायला वेळ लागतो. नंतर तो थकलेला असेल. त्या दिवशी त्याचा जाब घेऊ नका.

तोंडी परीक्षेत बहुतेकदा उत्तर येत असतं, पण दडपणाखाली शब्द फुटत नाहीत. अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत, तर प्रश्न छापून त्याच्यासमोर ठेवा. त्याला लिहून किंवा थेट प्रोग्रॅम चालवून दाखवू द्या. बाहेरचे परीक्षक येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशी फोन करा, त्याच्यासमोर कुजबुजून नाही. त्याचा नंबर ठरवून द्या, शक्यतो पहिला. कॉरिडॉरमध्ये 'आता कुणाला बोलावतील' करत ताटकळणं हे प्रश्नांपेक्षा जास्त जीव काढतं. त्याची नजर जमिनीवर असेल, हात हलत असतील, पेन फिरत असेल. त्याबद्दल गुण कापू नयेत. ती हालचाल त्याला स्थिर ठेवते.

गटकामाबद्दल एक संशोधन सांगते, कारण 'त्याला माणसांचं काही कळतच नाही' हा समज स्टाफरूममध्ये पक्का असतो. 2020 मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला: आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने पुढच्याला. सगळे ऑटिझम असलेले असतील तर गोष्ट जितकी टिकली, तितकीच ऑटिझम नसलेल्यांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती लवकर गळत गेली. म्हणजे खोट एका बाजूची नाही, दोन्हीकडून सांधा जुळत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी हेच 2012 मध्ये मांडलं होतं. ते स्वतः ऑटिझम असलेले आहेत. वर्गात याचा उपयोग असा: 'आपापले गट करा' म्हणू नका, त्यात तो नेहमी उरतो. गट तुम्ही पाडा, आणि कोण काय करणार हे लिहून द्या. त्याला टेस्टिंग द्या, डॉक्युमेंटेशन द्या, जे त्याला आवडतं ते. सादरीकरण इतरांनी केलं तर आभाळ कोसळत नाही.

वर्गाला सांगावं का? त्याने 'सांगा' म्हटल्याशिवाय नाही. ही त्याची खाजगी माहिती आहे. सहकाऱ्यांनाही गरजेपुरतीच द्या. नजर मात्र ठेवा. उघड रॅगिंग निदान दिसतं तरी. न दिसणारा प्रकार म्हणजे 'दोस्त' मंडळी: त्याच्याकडून सगळ्यांच्या असाइनमेंट करून घेणारे, कॅन्टीनचं बिल दरवेळी त्याच्या गळ्यात मारणारे, एखाद्या मुलीला भलतासलता मेसेज त्याच्या हातून पाठवायला लावून मजा बघणारे. शेवटचा प्रकार तक्रार समितीपर्यंत जातो आणि अडकतो हाच.

ज्यांचं निदानच झालेलं नाही त्यांचाही विचार असू द्या. विशेषतः मुली. दुसऱ्यांच्या लकबी पाठ करून, हसायचं कुठे हे लक्षात ठेवून त्या वर्षानुवर्षं निभावतात, आणि घरात 'शहाणी, अबोल' म्हणून कौतुक होतं. हॉस्टेलवर आल्या की एकांत संपतो आणि दुसऱ्या वर्षात अचानक सगळं कोसळतं. असं सतत सोंग घेण्याचा नैराश्याशी आणि चिंतेशी संबंध संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलाय. कुणी जिवाचं बरंवाईट बोललं तर ते उपरोधाने घेऊ नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि सोबत तुम्ही स्वतः थांबा.

त्याच्या आईला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण त्यांना ती कुणी सांगितलेली नसते: हे त्यांच्या वाढवण्यामुळे झालेलं नाही, मोबाइलमुळेही नाही. मेंदूची जडणघडणच वेगळी असते, त्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आणि 'अशी मुलं कॉम्प्युटरमध्ये जीनियस असतात' हे कौतुकही टाळा. त्याला हुशार असण्याची सक्ती नको. एखाद्या विषयात एटीकेटी लागली तर ती लागू दे.

तुमच्या कॉलेजात समान संधी केंद्र असेलच, निदान नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत जिओटॅग फोटोसकट असेल. त्याची किल्ली कुणाकडे असते ते विचारा आणि त्या व्यक्तीला या मुलाशी एकदा भेटवा. कारण तुम्ही सीएचबीवर आहात, पुढच्या सत्रात तुमची ऑर्डर निघेल की नाही हे तुम्हालाही माहीत नाही. त्याच्याशी जे ठरेल, म्हणजे कोपऱ्यातलं मशीन, छापील प्रश्न, बाहेर जायची मुभा, ते एका पानावर लिहा, त्याला वाचायला द्या, त्याची संमती घ्या, विभागप्रमुखांची सही घ्या. एक प्रत त्याच्याकडे, एक केंद्राच्या फाइलीत. सही द्यायला ते कुरकुरले तर वरचा कायद्याचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, आणि तरी अडलं तर इथेच कळवा. आमच्याकडे वापरतो तो नमुना मी नाव-गाव वगळून इथे टाकते.