शेल बदललं की व्हेरिएबलची रीतही बदलते

एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामना दिसणारं नाव आणि त्याची व्हॅल्यू) सेट करायचं तर आधी कोणत्या शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या कोणत्या प्रोग्राममध्ये आहात ते पाहा. ‘शेल’ या व्हेरिएबलवर विसंबू नका. त्यात लॉगिन शेलचं नाव असतं, सध्या चालू असलेलं वेगळंही असू शकतं.

बॅश आणि झेडशेलमध्ये ‘एक्स्पोर्ट नाव=व्हॅल्यू’. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा अजिबात सोडायची नाही. नुसतं ‘नाव = व्हॅल्यू’ लिहिलंत तर शेल नावालाच कमांड समजतं आणि ती सापडत नाही म्हणून तक्रार करतं. व्हॅल्यूत जागा असेल तर ती अवतरणचिन्हांत घाला. एक्स्पोर्ट विसरलात तर व्हेरिएबल त्या शेलपुरतंच राहतं, तिथून सुरू केलेल्या प्रोग्रामला दिसत नाही.

सी शेल, टीसीशेलमध्ये ‘सेटएन्व्ह नाव व्हॅल्यू’, बरोबरचं चिन्ह नाहीच. फिश शेलमध्ये ‘सेट -जीएक्स नाव व्हॅल्यू’.

पाथ (शेल कमांड ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी) बदलताना मात्र खरंच जपा. नव्या फोल्डरनंतर कोलन (:) आणि जुना ‘$पाथ’ जोडा, नाहीतर फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ कमांडसुद्धा चालणार नाही.

स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट करूनही बाहेर काही दिसत नाही? स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, ती संपली की व्हेरिएबलही जातं. ती ‘सोर्स’ने चालवा, म्हणजे ती सध्याच्याच शेलमध्ये चालते.